बाहेरच्या भिंतीचं काम

“माणसाची खरी परीक्षा जमिनीवर होतच नाही. ती होते इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवर! पायाखाली वीतभर छज्जा, कमरेला दोर आणि खाली सगळं जग मुंगीएवढं. जमिनीवर काय, सगळेच शूरवीर!”

हे महावाक्य वस्तादांनी उच्चारलं तेव्हा ते व्याह्यांच्या दिवाणखान्यात, खिडकीपासून सर्वांत लांबच्या खुर्चीत बसून बशीतला चहा फुंकत होते.

वस्तादांची उभी हयात एसी बसवण्यात गेली होती. आज त्यांच्या लेकीच्या सासरी, सहाव्या मजल्यावर, पहिलावहिला एसी लागायचा होता. तो दुसऱ्या कोणी लावणं म्हणजे शिंप्याच्या जावयानं बाजारातून तयार सदरा आणण्यासारखं झालं असतं. एसीचा आतला भाग सकाळीच भिंतीवर जाऊन बसला होता. राहिलं होतं ते बाहेरचं धूड. ते खोक्यातून निघून खिडकीखाली उभं होतं आणि सगळं घर त्याच्याभोवती उभं होतं. जावई मोबाइल सरसावून तयार होता.

“बाबा, करा ना आता सुरुवात,” लेक म्हणाली. “हे म्हणतायत, तू सांगतेस ते एकदा डोळ्यांनी बघू दे.”

लेक काय सांगते ते वस्तादांना चांगलं ठाऊक होतं. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा ‘मेकॅनिकची मुलगी’ हे शब्द एकदोनदा तिच्या कानावर पडले होते. त्यावर तिनं बापाचा पराक्रम बाहेर काढला. एका दवाखान्याच्या भिंतीवर बाबांनी एका हातानं अख्खं युनिट पेललं आणि दुसऱ्या हातानं नट आवळले. वारा असा की खाली उभ्या असलेल्यांच्या टोप्या उडाल्या. मूळ घटनेत वाराही नव्हता आणि टोप्याही नव्हत्या. पण भिंत होती, बाबा होते. त्या एका गोष्टीच्या टेकूवर लेकीनं सासरी मान ताठ ठेवली होती.

अडचण एवढीच होती, की ते बाबा आता शिल्लक नव्हते.

पडले-बिडले नव्हते ते. पडले असते तर चारचौघांत सांगायला तरी काही झालं असतं. काही वर्षांपूर्वी अशाच एका भिंतीवर उभं असताना बोटांतून एक नट निसटला आणि वस्तादांनी सहज खाली पाहिलं. नट पडत राहिला. पडतच राहिला. पुष्कळ वेळानं खालून ‘टिंग’ असा बारीकसा आवाज आला, आणि वस्तादांच्या गुडघ्यांनी त्यांना न विचारता राजीनामा दिला. त्यांचा जोडीदार, ज्याला सगळे ढब्बू म्हणत, तो दुसऱ्या दिवशी एवढंच म्हणाला, “आतलं तू बघत जा, बाहेरचं मी बघतो.” ना प्रश्न, ना उत्तर. तेव्हापासून वस्ताद आत आणि ढब्बू बाहेर. घरी गेल्यावर मात्र वस्ताद बाहेरच्याच गोष्टी सांगत राहिले.

आणि आज नेमका ढब्बू दुसऱ्या कामात अडकला होता. फोनवर म्हणाला होता, “येतो रे, तोवर चहा पी.” वस्ताद हा सल्ला सकाळपासून मनापासून पाळत होते.

“ढब्बूला येऊ द्या की,” ते म्हणाले.

“अहो, त्याची कशाला वाट बघायची?” व्याही म्हणाले. “तुमच्या तर हा डाव्या हातचा मळ!”

आता उठण्यावाचून गत्यंतर नव्हतं. वस्तादांनी पट्टा कमरेला आवळला, दोराचं टोक खोलीतल्या खांबाला बांधलं, गाठ तपासली, पुन्हा तपासली. खिडकीशी गेले. उजवा पाय चौकटीवर ठेवला. खाली बघायचं नाही असं मनाशी पक्कं केलं, आणि पक्कं केल्यामुळेच खाली पाहिलं.

पाय परत खोलीत आला. वस्तादांनी कोपरापर्यंत हात बाहेर काढला, बोटांच्या पेरांनी भिंतीवर ठकठक केलं, रोग्याची नाडी पाहिल्यासारखा चेहरा केला आणि म्हणाले,

“भिंत पोकळ आहे. बोल्ट धरणार नाही.”

एसीच्या धंद्यात हे वाक्य म्हणजे ब्रह्मास्त्र. अंगावर आलेलं नको ते काम टाळायचं असलं, की सोडायचं. गिऱ्हाईक हळहळतं, दुसरा मेकॅनिक शोधतं, विषय संपतो. पण हे अस्त्र व्याह्यांवर सोडायचं नसतं. त्यातून हे व्याही म्हणजे इमारतीचे सेक्रेटरी. इमारत उभी राहत होती तेव्हा हे गृहस्थ ऑफिस सुटल्यावर रोज इथं यायचे आणि पाइप धरून स्वतःच्या हातानं भिंतींवर पाणी मारायचे. “पोराला कधी आंघोळ घातली नाही, पण भिंतींना घातली,” असं विहीणबाई सांगत.

“पोकळ?” व्याही म्हणाले. “आमची भिंत?”

“म्हणजे... थोडीशीच.”

“भिंत थोडीशी पोकळ कशी असेल हो? माणूस थोडासा मेलेला असतो का?”

व्याह्यांनी स्वतः ठकठक केलं. मग विहीणबाईंनी लाटण्यानं केलं. शेजारच्यांनी विचारलं, काय चाललंय. त्यांना कळल्यावर त्यांनी आपल्या भिंतीवर केलं. बघता बघता सगळी इमारत आतून वाजू लागली. खालच्या मजल्यावरचे निवृत्त हेडमास्तर चमचा घेऊन वर आले आणि म्हणाले, “माझी तर न्हाणीघराचीसुद्धा पोकळ वाजतेय!” कान लावून ऐकलं की कुठलीही भिंत पोकळच वाजते, हे वस्तादांना ठाऊक होतं, पण आता ते सांगणार कोणत्या तोंडानं?

“सेक्रेटरीसाहेब, तुम्ही तर म्हणाला होता, किल्ला आहे किल्ला!” जिन्यातून कोणीतरी ओरडलं.

व्याही सोफ्यावर जाऊन बसले. हा माणूस बसल्या जागी आकसला. सकाळी बोलता बोलता अख्खी खोली व्यापणारा माणूस. आता सोफ्याच्या कडेला, परक्याच्या घरी बसावं तसा बसला होता. हलक्या आवाजात म्हणाला,

“व्याहीबुवा, एक ऐका माझं. सुनेला आजच्या आज तुमच्याकडे घेऊन जा. आमचं काय, आम्ही म्हातारी माणसं. पण तिला या घरात ठेवायला मला तोंड नाही.”

लेकीनं बापाकडे पाहिलं. वस्तादांना वाटलं, त्यापेक्षा खिडकीतून बाहेर गेलेलं परवडलं. क्षणभर खरंच वाटलं. मग खिडकीकडे पाहिलं आणि नाही वाटलं.

“भिंत धड आहे,” ते म्हणाले.

“काय?”

“भिंतीला काही झालेलं नाही. चांगली आहे. उलट असली भिंत हल्ली बघायला मिळत नाही.” वस्तादांनी खिडकीकडे पाठ केली. “मलाच जमत नाही. भीती वाटते. गेली काही वर्षं मी बाहेर गेलोच नाही. ढब्बू जातो. मी... मी आतलं बघतो.”

जावयानं मोबाइल हळूच खिशात घातला. विहीणबाई लाटण्याकडे बघत राहिल्या. लेक बापाकडे बघत नव्हती, आणि तेच वस्तादांना सगळ्यांत जास्त लागलं.

फक्त व्याह्यांच्या चेहऱ्यावर पहाट झाली.

“धड आहे? खरंच धड आहे? शप्पथ?”

“शप्पथ.”

व्याही ताडकन उठले. त्यांनी वस्तादांचे दोन्ही हात हातात घेऊन गदागदा हलवले आणि पुढच्या क्षणी ते जिन्यात होते. त्यांचा खणखणीत आवाज सगळ्या मजल्यांवर घुमला:

“घाबरू नका हो! भिंत पक्की आहे! आमचे व्याही भित्रे आहेत! ऐकलंत का मास्तर? भिंतीला काही झालेलं नाही, आमचे व्याहीच घाबरतात!”

मजल्यामजल्यावर दारं उघडत गेली आणि प्रत्येक दाराला व्याह्यांनी ही आनंदाची बातमी नव्यानं, तितक्याच उमाळ्यानं सांगितली. माणूस मनानं वाईट नव्हता. आनंदात होता, इतकंच. वर खोलीत वस्ताद कमरेचा पट्टा सोडत होते. आकडा निघता निघत नव्हता.

तेवढ्यात ढब्बू आला. त्याला खालीच सगळं कळलं होतं. कळलं नसतं तर तो बहिरा ठरला असता. त्यानं वस्तादांच्या हातातून पट्टा घेतला, कमरेला चढवला आणि नेहमीच्या आवाजात म्हणाला, “दोर नीट धर हां. मागच्या वेळी फार ढिला सोडला होतास.” मागच्या वेळी दोर मुळीच ढिला नव्हता. पण वस्तादांना बोलायला काहीतरी मिळावं म्हणून ढब्बूनं तेवढं खोटं उसनं दिलं.

ढब्बू चौकट ओलांडून दिसेनासा झाला. ड्रिल सुरू झालं, आणि खिडकीतून आत येणारी धूळ लेक ओल्या फडक्यानं पुसू लागली. भिंत एवढी कडक निघाली की दुसऱ्या भोकाला ड्रिलचं टोकच बोथट झालं, आणि परत आलेले व्याही ते बोथट टोक जिन्यातल्या लोकांना पुराव्यादाखल दाखवून आले.

वस्ताद खिडकीच्या आत दोर धरून उभे होते. दोर खांबालाही बांधलेला होता. ते नसते तरी चाललं असतं. तरी दोन्ही मुठी त्यांनी सोडल्या नाहीत. बाहेर ढब्बूनं पाऊल बदललं, की यांच्या कपाळावर घाम यायचा. आयुष्यभर लोकांना गारवा देणारा हा माणूस शर्ट भिजेपर्यंत घामाघूम झाला होता.

मागे लेक येऊन उभी राहिली. न वळताही त्यांना ते कळलं. आता ती काय म्हणेल? ती दवाखान्याची गोष्ट मी आता कुणाला सांगू, असं म्हणेल? की काहीच म्हणणार नाही? वस्तादांनी मान खाली घातली. जे येईल ते ऐकून घ्यायचं, उलट बोलायचं नाही, असं ठरवलं.

“बाबा,” लेक म्हणाली.

“हं.”

“तेवढे पाय पायपुसण्यावर ठेवता का? लादी आत्ताच पुसलीय.”