तळ्यात सापडलेला मोजणीचा दगड

मित्रांनो, मी मोजणीचा एक जुना दगड आहे आणि पहिल्यापासून भित्रा आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर खरं.

पाथरवटाने मला घडवलं, माथ्यावर फुली कोरली आणि खाणीच्या तोंडाशी मला खोल पुरलं. खाणीचा सगळा नकाशा माझ्यापासून मोजायचा ठरला. मला वाटलं, आता आपण शून्य! पण मोजणीदार आजोबांनी मला शून्य दिलंच नाही. माझ्या पश्चिमेला आणि दक्षिणेलाही बोगदे जाणार होते. तिथले आकडे उणे झाले असते, आणि उण्याची रेघ घाईत कोणीतरी विसरणारच. म्हणून त्यांनी मला पूर्वेचे शंभर आणि उत्तरेचे शंभर मीटर बहाल केले. नकाशाचं शून्य गेलं नैऋत्येला, लांब झुडपात.

तेव्हापासून रीत पडली. काम सुरू करण्याआधी नकाशात माझा आकडा घालायचा, खूण माझ्याच डोक्यावर पडते का पाहायचं, मगच पुढे जायचं. केवढा मान होता मला! पुढे नवी यंत्रं आली आणि लोक माझ्यावर बसून डबे खाऊ लागले.

एका सकाळी जमीन हादरली. पश्चिमेकडचा बोगदा ढासळून माणसं आत अडकली. मोजणीवाल्या ताईचा भाऊही त्यांच्यात होता. वरून भोक पाडून त्यांना हवा पोचवायची होती. ताईने कॉम्प्युटरवर नवा नकाशा मांडला, पण त्या गडबडीत मलाच शून्य धरलं आणि बोगद्यांचे आकडे जुनेच ठेवले, त्यामुळे सगळ्या खुणा शंभर मीटर पूर्वेला आणि शंभर मीटर उत्तरेला सरकल्या. मला कोणी विचारलंही नाही.

भोक पाडायचं मशीन माझ्या अंगावरून पूर्वेला गेलं. इकडे पश्चिमेकडून अडकलेल्या माणसांचे ठोके जमिनीखालून माझ्या बुडाशी येत होते. अरे, तिकडे नाही! पण दगडाला तोंड कुठलं? काळीज दगडाचं, तरी त्याचं पाणी पाणी झालं. ठोके हळूहळू मंद होत चालले होते.

ताईची वहिनी धावत आली आणि माझ्यावरच बसली.

"ताई, जागा हीच ना? नक्की?"

ताई उत्तर द्यायला वळली आणि तिची नजर माझ्यावर गेली. तिने वहिनीला उठवलं, गुडघे टेकले आणि कॉम्प्युटरवर माझा आकडा घातला. खूण पडली थेट माझ्या ईशान्येला असलेल्या तळ्यात!

"दगड तळ्यात दाखवतोय," ती म्हणाली. "मशीन थांबवा. जागा चुकलीय माझी."

तिने मला माझे शंभर-शंभर परत दिले. खूण सरकून माझ्या पश्चिमेला गेली, मशीनही गेलं. तोवर ठोके बंद पडले होते. मला तर वाटलं, संपलं सगळं. पाइप खाली उतरला. वहिनीने त्याला कान लावला. मग पाइपवर आतून कोणीतरी टकटक केलं. वहिनीने ओरडून ताईला बोलावलं.

आता इथे रस्ता रुंद होतोय. कंत्राटदार म्हणतो, हा दगड हातभर सरकवला तर काय बिघडतं? तेव्हापासून माझ्या जिवात जीव नाही. मी सरकलो तरी नकाशातला माझा आकडा तोच राहील, आणि पुढचा माणूस विश्वासाने माझ्यापासून मोजेल.

मित्रांनो, मला रंग नको, हारही नको. फक्त मला हलवू नका, आणि मोजण्याआधी एकदा मला विचारा. त्या हातभर चुकीखाली कोणाचा तरी भाऊ असेल.