साळुबाईच्या चढायच्या जागा

तिसरा रस्ता

पहिले दोन बाद झाले होते, म्हणून सुरुवात इथून.

ओतूरच्या खालच्या अंगाला पाटाच्या कडेने एक अरुंद डांबरी रस्ता जातो. बुधवारी सकाळी अश्विनी त्याने एकटीच सायकल मारून आली. एका बाजूला पाट, दुसऱ्या बाजूला ऊस. रस्ता कोरडा खडखडीत. वाटेत भेटली एक दुधाची मोटारसायकल आणि उन्हाला बसलेली दोन कुत्री, त्यांनीही उठायचे कष्ट घेतले नाहीत. असा रस्ता हातचा असताना आपण दोन आठवडे कुठे शोधत बसलो होतो, असं तिला झालं.

ती खड्डे बघत होती, वळणं बघत होती, पण त्याहून जास्त ओटे बघत होती. बंद डेअरीची पायरी: उत्तम. मोरीचा कठडा: चालेल. मैलाचा दगड: बुटका आहे, नको. पुढे गणेशखिंडीचा चढ सगळ्याजणी पायीच चढणार होत्या, आणि वर देवळाचा ओटा होताच.

ओटे कशाला?

कारण तिची सासू साळुबाई अठ्ठावन्नाव्या वर्षी सायकल शिकली, ती घरापुढच्या ओट्यावरून. ओट्याला सायकल लावायची, एक पाय ओट्यावर, एक पायडलवर, आणि द्यायचं ढकलून. एकदा सुटली की बाई सरळ रेषेत जाते. वळते, ब्रेक मारते, पाय टेकून उतरते. फक्त जमिनीवरून चढता येत नाही. टांग टाकायला गेली की सायकल एकीकडे आणि साळुबाई दुसरीकडे.

आणि या रविवारी तिला सायकलवर घोडेगावला जायचं होतं, माहेरी.


बाद झालेले

रस्ता पहिला, नेहमीचा मोठा. ऊसतोडीचे दिवस. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी ऊस बाहेर आलेला, आणि गाणी अशी मोठ्यांदा की मागून रणगाडा आला तरी ड्रायव्हरला कळू नये. आठ बाया एका रांगेत तिथून न्यायच्या, हे अश्विनीला डोळ्यांपुढेही आणवेना.

रस्ता दुसरा, वाड्यावस्त्यांमधून. खडी टाकलीय, डांबर यायचंय. कधी, ते सांगायला कुणी तयार नाही.


घरातलं बोलणं

"एक जरी जागा अवघड असली, तर मी टेम्पो घेऊन मागनं येणार," अमृत म्हणाला. अमृत म्हणजे अश्विनीचा नवरा, साळुबाईचा थोरला. टोमॅटो मार्केटला न्यायचा टेम्पो त्याचाच.

"टेम्पो आला तर मी जायचीच न्हाई," साळुबाई भाकरी थापता थापता म्हणाली. "हौशीराम दारात उभा असंल. भाऊ म्हनंल, साळूला टेम्पोतनं उतरवली आन् सायकल नुस्ती दाखवायला आणली."

"मामा असं कशाला म्हणतील?"

"म्हनंल. मी त्याची भैन हाये. मीबी तेच म्हनले असते."

अमृतने बायकोकडे बघितलं. ओतूरच्या बायकांच्या सायकल ग्रुपचे सगळे रस्ते अश्विनीच ठरवायची. रोपवाटिका सांभाळून हा उद्योग.

"तू सांग. तिसरा रस्ता नक्की ना? तू म्हणशील तर मी घरी बसतो."

"अहो, नक्की. बघून आलेय मी."

त्याने टेम्पोची किल्ली खुंटीला अडकवली. बायकोच्या शब्दावर आई सोडायला तयार झाला, ही गोष्ट लहान नव्हती. अश्विनीलाही ते कळलं, आणि जरा जड वाटलं.


ग्रुपवर आलेले आवाज

(मंगलचा, मागे कुकरची शिट्टी) "अश्विनीताई, रस्ता झ्याक हाय, पण चहा कुठं? चहा न्हाई त्यो रस्ता सेफ कसा म्हनायचा?"

(तेजस्विनीचा) "जुन्नरला थांबू ना. आणि साळुमावशी पुढे चालणार की मधे?"

(साळुबाईचा; बटण कुठं दाबायचं ते नातीने दाखवलेलं) "मी मधी. हॅलो. मधी म्हनते मी. हॅलो."


शनिवार, रोपवाटिका

दिवस कलायला आला होता. बहिरू टोमॅटोची रोपं न्यायला आला. पाटाकडेला त्याचा ऊस आहे. ट्रे पिकअपमध्ये चढवून झाले तरी चहाचा कप घेऊन तो निवांत उभा होता.

"बसा की भाऊ, घाई काय?"

"घाई कसली वैनी. लाईट रातची हाय. मोटर ऑटोवर टाकलीया. लाईट आली की ती चालू, आपन गोधडीत. वाघाच्या भ्यानं रातचं पानी बघाया कोन जातंय?"

अश्विनीच्या हातातला रिकामा ट्रे हातातच राहिला.

शेतीची लाईट काही दिवस दिवसा असते, काही दिवस रात्री. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. स्वतःच्या रोपांना पाणी ती याच पाळीवर देत होती. बुधवारी लाईट दिवसाची होती. माणसं बांधावर उभी राहून पाणी फिरवत होती, म्हणून रस्ता कोरडा होता. आज रात्री मात्र पाटाकडेच्या सगळ्या मोटारी आपोआप सुरू होणार, बिबट्याच्या भीतीने कुणी बाहेर पडणार नाही, सऱ्या भरून पाणी रस्त्यावर येणार. काळी माती. सकाळी लोणी. आणि लोण्यावर बारीक टायरच्या आठ सायकली.

त्या मोटारींमध्ये एक त्यांच्या घरचीही होती.

न सांगावं, असं एक क्षण मनात आलं. खोटं का बोलावं? आलं. मग ती घरी गेली आणि जेवणाआधीच सगळं सांगून टाकलं.

अमृत म्हणाला, "आपली ऑटो काढतो मी. आत्ता."

"आपल्या एकट्याची काढून काय होणार? वर चार मोटारी आहेत."

"त्यांना फोन करतो."

दोघं हो म्हणाले. एकाने पाण्याची पाळी सोडायला साफ नकार दिला, ऊस वाळायला लागलाय म्हणाला, आणि ते खरंच होतं. चौथ्याचा फोन लागेना.

"मग टेम्पो," अमृत म्हणाला.

"मग मी न्हाई," साळुबाई म्हणाली आणि ताट पुढे ओढलं.

अश्विनी म्हणाली, "तेवढा टप्पा सगळ्याजणी चालत जाऊ. डेअरीपाशी उतरायचं, मोरीवर चढायचं. आत्या, चालाल ना?"

"चालाया काय झालं? मी काय सायकलीवरच जल्मले व्हय?"

अमृतला हसू आलं. पण तो म्हणाला, "मी मोरीपाशी उभा राहतो. तिथून नीट सुटली तर माझं काही म्हणणं नाही."


रविवार

उजाडलं होतं. चिखल होता, अंदाजाप्रमाणे.

फक्त तो मोरीपाशी संपत नव्हता. मोरीच्या पलीकडेही, पुढच्या वळणापर्यंत, चमकत पसरला होता.

आठजणी सायकली ढकलत मोरीशी आल्या. अमृत तिथे घोटाभर चिखलात उभा. कठड्यावरून सुटायचं म्हणजे सरळ चिखलात. वळणापुढे कोरडं होतं, पण तिथे ना ओटा, ना दगड. पुढची पायरी पाटाच्या चौकीला, चांगली लांब.

"चालू की तिथवर," तेजस्विनी म्हणाली.

"आन् मंग खिंड चालायची. मंग घोडेगावाला सायकल खांद्यावर घेऊन पोचू," मंगल म्हणाली. कुणी हसलं नाही. साळुबाईचा गुडघा चिखलातून पाय उपसून आधीच बोलायला लागला होता, ते सगळ्यांना दिसत होतं.

त्या वळणापर्यंत गेल्या. साळुबाईने जमिनीवरून एकदा टांग टाकून बघितली. सायकल बांधाला जाऊन टेकली. मंगलने तिला दंडाला धरून सावरलं.

अमृत मागून आला. खिशातून टेम्पोची किल्ली काढली.

"आई, बास."

साळुबाई पदराने हँडलवरचा चिखल पुसत राहिली. अश्विनीला वाटलं, आता ही हो म्हणणार. आणि हो म्हणाली, की पुन्हा सायकलला हात लावणार नाही.

तिने इकडेतिकडे बघितलं. हे वळण म्हणजे त्यांचंच रान. उसाला लागून टोमॅटोचा तुकडा, तोडा चालू. बांधावर रिकामे क्रेट रचून ठेवलेले, लाल, घरचेच, तिने रोज बघितलेले.

"अहो, एक क्रेट आणा."

"कशाला?"

"आणा तर."

क्रेट रस्त्यावर पालथा पडला. साळुबाईने त्याच्याकडे, मग सुनेकडे बघितलं. एक पाय क्रेटवर ठेवला, एक पायडलवर. अमृतने क्रेट सरकू नये म्हणून वाकून दोन्ही हातांनी दाबून धरला.

सुटली.

सरळ. थोडी डगमगली, मग सरळ. दहा हातांवर तिचा आवाज आला, "मधी म्हनले व्हते मला! पुढं कोन जानार?" मंगल आणि बाकीच्या हसत, सायकलींवर टांगा टाकत तिच्या मागे सुटल्या.

अमृतने क्रेट उचलला आणि परत बांधाकडे निघाला.

"तो ठेवू नका, इकडे द्या," अश्विनी म्हणाली. तिने तो स्वतःच्या कॅरिअरवर उपडा घातला, रबराच्या पट्ट्याने आवळला. बांधता बांधता तिला स्वतःचाच राग आला आणि हसूही. दोन आठवडे ती साऱ्या वाटांनी ओटे शोधत फिरली होती.

"आणि मी? टेम्पो काय करू?"

"क्रेट भरून मार्केटला न्या. तोडा तसाच पडलाय."

त्याने किल्ली खिशात टाकली. "पोचल्यावर फोन करायला लाव तिला."

"त्यांनाच सांगा की. मला नाही वाटत, आता त्या माझं ऐकतील."

ती निघाली. क्रेट खडखडत होता. पुढे पाट उजवीकडे वळत होता, आणि आठव्या जागी कुणीतरी यायचंय म्हणून सातजणी जरा हळू चालवत होत्या. साळुबाई सोडून. तिला अजून हळू चालवता येत नव्हतं.