तांबड्या फडक्यातल्या गोष्टी

काशप्पा वारले, लिंगैक्य झाले, तेव्हापासून त्यांच्या घरी रोज एका गाठोड्याची पूजा चालली होती. तांबड्या फडक्यात बांधलेलं ते गाठोडं त्यांच्या धाकट्या भावानं, बंडेप्पानं, चौरंगावर ठेवलं होतं. वर विभूतीचे पट्टे, बेलाची पानं, समोर समई. भेटायला येणारा आधी त्याला हात जोडायचा, मग घरच्यांशी बोलायचा.

"जन्मभर वचनं वाचली हो अण्णानं," बंडेप्पा सांगायचा. "पोथी कधी भुईवर टेकू दिली न्हाई."

चंद्रम्मा स्वयंपाकघराच्या दारातून हे ऐकायची आणि ओठ मिटून आत वळायची. ती काशप्पांची एकुलती एक लेक, सोलापूरला दिलेली. गाठोड्यात काय आहे हे तिला पाठ होतं. त्यात एकही वचन नव्हतं. त्यात छत्री घेऊन बाजाराला निघालेला कोल्हा होता, वाघाला ताक पाजून झोपवणारी म्हातारी होती, ढगावर ज्वारी पेरणारा आळशी होता. मुलांसाठी छापलेली, चित्रांची, पातळ पातळ पुस्तकं.

काशप्पांचं कडगंची गावात कापडाचं दुकान. माल आणायला ते सोलापूरला जात आणि दर खेपेला एखादं पुस्तक घेऊन येत. निजामाच्या हद्दीत शिरताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावरचे शिपाई लुगड्यांच्या घड्या मोडून बघत. छापील मराठी कागद दिसला की हा कशाचा, कुणासाठी, असे प्रश्न सुरू. विभूती लावलेल्या फडक्याला मात्र कुणी हात लावत नसे. म्हणून पुस्तकं फडक्यातून आली. गावात पोचल्यावरही ती फडक्यातच राहिली, कारण गावचा नाका त्याहून कडक होता. पोर गोष्टीचं पुस्तक घेऊन बसलेलं दिसलं की आईबाप पाठीत धपाटा घालून त्याला गुरांमागं पिटाळत. काशप्पा पोथी सांगतात म्हटलं, की तेच आईबाप पोरांची तोंडं धुऊन त्यांना धाडून देत.

दुकानामागच्या पडवीत दुपारची पोरं जमायची. काशप्पा मराठीत वाचायचे, कुणाला उमगलं नाही तर कानडीत सांगायचे. पुस्तकं हरवू नयेत म्हणून त्यांनी दाभणानं ती एकत्र शिवून टाकली होती.

वचनं वाचणारा माणूस गेला की त्याची पोथी मठाला द्यायची, अशी गावाची रीत. शिवगणाराधनेच्या, म्हणजे दिवसकार्याच्या, दिवशी जंगम गुरूंची पंगत उठली आणि बंडेप्पानं खाकरून सगळ्यांना सांगितलं, "अण्णाची पोथी आज वाजतगाजत मठात जायलीय. मठपती अय्या कपाटात ठेवून कुलूप लावतेत. आता तिला कुणी हात लावायचा न्हाई."

मठपती शिवलिंगय्यांनी मान डोलावली. कोपऱ्यात बसलेली पोरं एकमेकांकडं बघायला लागली. खरं काय ते त्यांना ठाऊक होतं, आणि मोठ्यांपुढं बोलायची त्यांची छाती नव्हती.

चंद्रम्मानं ते पाहिलं. गप्प राहावं तर पुस्तकं मानानं कुलपात जाणार. बोलावं तर अपमानानं उकिरड्यावर. तरी ती पुढं झाली.

"काका, ती मठात जायची न्हाई."

"कामून?"

"लेकरांची हाय ती."

"पोथी म्हंजे काय भवरा हाय व्हय, लेकरांना द्यायला?"

माणसं हसली. चंद्रम्मानं बेलाची पानं बाजूला केली आणि गाठ सोडली. सगळ्यांत वर छत्रीवाला कोल्हा, दात काढून बसलेला.

मग शेजारची राजूबाई तोंडावर पदर धरून फिस्सकन हसली. "अगं बया! इतके दिस मी ह्याच्या पाया पडायलेय व्हय?"

बंडेप्पाचा चेहरा काळानिळा झाला. "कोल्ह्याला विभूती लावायला लावलीस आम्हाला? तुझ्या बापानं अख्ख्या गावाला फसवलं!"

"फसवलं?" चंद्रम्माचा आवाज चढला नाही. "इतक्या वर्षांत तुमच्यातल्या एकानं तरी फडकं सोडून बघितलं का? लांबून हात जोडले, झालं. उघडून बघितलं ते लेकरांनी. तुमची लेकरं शहाणी करायला माझ्या अप्पाला चोरावानी वागावं लागलं, अन् तुम्ही म्हणता फसवलं?"

"असल्या पोरखेळानं कोण शहाणं व्हतंय?"

"तुमची कमलम्मा अक्षरं कशावर शिकली, काका? विचारा की तिला."

पोरांत बसलेल्या बंडेप्पाच्या लेकीनं, कमलम्मानं, मान खाली घातली. मठपतींनी उपरण्याला हात पुसले. "असलं काही मठात घेत नाही आम्ही," म्हणाले आणि वाट धरली. सकाळी आल्या आल्या त्यांनीही वाकून नमस्कार केला होता.

"ऐकलंस?" बंडेप्पा म्हणाला. "घाल आता चुलीत. न्हाईतर किराणावाल्याला दे, हळदीच्या पुड्या बांधंल."

सकाळपर्यंत हा माणूस अण्णा, अण्णा करत होता. चंद्रम्माला उद्या सासरी निघायचं होतं. पुस्तकं इथं ठेवली तर गाडी वेशीबाहेर पडायच्या आत ती चुलीत जाणार. सोलापूरला न्यावीत, तर तिथं अशी पुस्तकं दुकानात टांगलेली असतात; नव्हती ती इथं. ती दुकानात गेली आणि अप्पांची कापड कापायची मोठी कात्री घेऊन आली.

टाके मोठे होते, वाकडे. कापडात आयुष्य गेलं, पण अप्पांना शिवता कधी आलं नाही. कात्री क्षणभर दोऱ्यावर थांबली. मग तिनं एकेक टाका कापला.

"या इकडं," ती पोरांना म्हणाली. "एकेक घ्या. घरी न्या. काखेत लपवू नका, उघड्यानं न्या."

कुणी हलेना. पहिली उठली ती कमलम्मा.

"ए, बस खाली!" बंडेप्पा ओरडला. तोवर तिनं पुस्तक उचललं होतं. मग सगळ्यांची झुंबड उडाली.

"फाडून टाकतेत समदी!" बंडेप्पा तणतणला.

"फाटू द्या. हाताळून फाटतील."

"अन् मी घरोघर जाऊन गोळा केली तर?"

"जा की. दारात उभं राहून काय मागायलाव, पोथी का कोल्हा, ते नीट सांगा मात्र."

बाहेर गल्लीत कालवा सुरू झाला होता. कुणाला म्हातारी हवी होती, कुणाला वाघ, आणि एकजण हे आपण आधीच वाचलंय म्हणून पाय आपटत होता. येणारीजाणारी माणसं थांबून बघत होती. चंद्रम्मा कात्री हातात धरून उंबऱ्यावर आली.

"बदलून दे की," तो पोरगा कमलम्माच्या मागं लागला होता.

कमलम्मानं आपलं पुस्तक पाठीमागं धरलं. "आधी तुझं दाव."