अंतराळात न गेलेली पिशवी

मी एक जुनी पिशवी आहे, मित्रांनो. पण मला भाजीबाजाराची समजू नका. पृथ्वीभोवती फिरणाऱ्या अंतराळ स्थानकावर सामान न्यायला मला शिवले होते. तिथे अंतराळवीर कित्येक महिने राहतात. त्यांचे जेवण, कपडे, औषधे माझ्यासारख्या पिशव्यांत भरून मालवाहू यानातून वर पाठवतात. मी मात्र कधी गेलेच नाही.

दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका कारखान्यात बिलकीसआपांनी मला शिवले. आपा मूळच्या रत्नागिरीच्या, राहायला शारजात. सकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्या बसमध्ये पेंगत यायच्या, पण मशीनवर बसल्या की टाका वाकडा पडत नसे. माझे पांढरे कापड आगीला सहज दाद देणारे नव्हते. शिवून झालेल्या बहिणींमध्ये मी पहिली, त्यामुळे माझा तोरा काही विचारू नका!

आपांनी मला बंद करण्याआधी आतल्या कप्प्यात चिमूटभर साखर घातली. त्यांच्या घरची रीतच तशी. भांडे असो की पिशवी, कुणाच्या हाती रिकामी द्यायची नाही.

तपासणी करणाऱ्या इंजिनिअर विभावरीताई पुण्याच्या. त्यांनी मला उलटी केली आणि साखर टेबलावर सांडली.

"हे काय आहे? कोणी केलं?"

आपा स्वतःच उठून उभ्या राहिल्या.

"मॅडम, मी घातली. एवढ्या लांब जायची, रिकामी कशी पाठवू? पहिलीत घातली, सगळ्यांच्या नावाने. बाकीच्यांत काही नाही, खुदा कसम."

"आपा, तिथे साखर खाली पडत नाही, तरंगत राहते. कुणाच्या डोळ्यात गेली, मशीनमध्ये गेली तर? बाकीचा लॉट चेक करून पाठवू. तुमचा जॉब सेफ आहे. पण हिच्या शिवणीत दाणे अडकलेत, ही पिशवी खलास. ही जाणार नाही."

बहिणी गेल्या. आपा मला पोटाशी धरून रडल्या. "माझ्यामुळे राहिलीस गं," म्हणाल्या. मीही त्यांच्यावर मनापासून रुसले.

मग मला सरावाच्या खोलीत नेले. भावी अंतराळवीर मला भरायचे, बांधायचे, पुन्हा उपसायचे. माझ्यावर हात बसला की खरे काम सोपे व्हायचे, आणि ते माझे कौतुकही करायचे. तरी माणसांना घेऊन एखादे यान उडाले, खोलीत टाळ्या पडल्या, की माझा जीव तुटायचा.

जुनी झाल्यावर मी शारजातल्या या विज्ञान दालनात आले. एका सुट्टीच्या दिवशी विभावरीताई मुलांना माहिती सांगत होत्या. आपाही लेकीला, हुमेराला, घेऊन आल्या होत्या. माझ्याकडे बघायचे मात्र टाळत होत्या.

हुमेराने विचारले, "आंटी, व्हेअर आर द अदर बॅग्ज?"

"सामान काढून घेतलं, की त्यात स्टेशनवरचा कचरा भरतात. मग ते मालवाहू यान परत येताना हवेत जळून जातं. माणसं दुसऱ्या यानातून सुखरूप उतरतात."

"म्हंजे माझ्या सगळ्या पिशव्या?" आपांनी विचारले.

"हो आपा. ही एकच राहिली."

बहिणींसाठी मला भरून आले. त्यांनी आपले काम चोख केले होते. आपा पुढे आल्या, माझ्यावर हात फिरवू लागल्या, आणि चेनजवळ त्यांचे बोट थांबले. तिथे शिवण उसवली होती. त्यांनी पर्समधून सुईदोरा काढला आणि तिथेच खाली बसल्या.

"नाही गेलीस ते बरं झालं बाय," टाका घालता घालता त्या पुटपुटल्या.

माझा सगळा रुसवा गेला. त्या हातांचे उपकार मी कसे फेडू?

तेव्हा मित्रांनो, मला खुशाल उघडा, भरा, उलटी करा. फक्त चेन अडली तर हिसकू नका. बिलकीसआपांना हाक मारा. त्या दर सुट्टीला इथे येतात.