खळी पडलेली गोळी

मी एक गोळी बोलतेय. घाबरू नका, जीव घेणारी नव्हे, रंगाची. माझ्या पोटात भडक पिवळा रंग आहे आणि अंगावर पातळ निळं कवच. पेंटबॉल नावाच्या खेळात मला बंदुकीत भरून समोरच्या गड्यावर मारतात. मी त्याच्या अंगावर फुटले, रंग लागला, की तो बाद. न फुटता नुसती आपटून उडाले, तर तो खुशाल खेळत राहतो. म्हणजे फुटण्यातच माझ्या जन्माचं सार्थक. आणि मी अजून फुटलेले नाही. म्हणूनच तर तुमच्याशी बोलायला उरले आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. जिलेटिनच्या दोन ओल्या, लांबलचक पट्ट्या दोन बाजूंनी येतात, फिरत्या रुळांमध्ये एकमेकींना चिकटतात आणि चिकटता चिकटता त्यांच्या पोटात रंग भरला जातो. बाहेर पडतो तेव्हा आम्ही अगदी लुसलुशीत असतो. मग आम्हाला ट्रेमध्ये पसरून वाळवतात. मला जागा मिळाली कोपऱ्यातली. वरच्या दोघी-तिघी माझ्यावर रेलल्या आणि तशाच वाळल्या. मीही वाळले, पण एका गालावर खळी घेऊन.

"शोभते हो तुला," शेजारीण म्हणाली, आणि मी जरा मिरवलेच. माणसांत म्हणे खळीचं फार कौतुक. गोळ्यांत ते नसतं हे मला कोण सांगणार? खळी पडलेली गोळी सरळ जात नाही. नेम एकीकडे आणि ती भलतीकडे. त्यातून लागलीच कुठे, तर फुटेल याचा भरवसा नाही.

हे मला कळलं ते मामाच्या तोंडून.

मामा म्हणजे आमच्या कॅप्टनचा सख्खा मामा. कॅप्टन दिवसभर लिफ्ट दुरुस्त करते आणि सुट्टीच्या दिवशी हा खेळ खेळते. तिला खेळाचं वेड लावलं मामाने. तो स्वतः खेळायचा, पुढे गुडघ्यांनी संप पुकारला. तेव्हापासून संघासाठी गोळ्या निवडायचं काम त्याच्याकडे आलं, आणि ते त्याने असं काही धरून ठेवलं होतं की संघातले सगळे त्याला वचकून असत.

स्पर्धेच्या गोळ्यांची निवड म्हणजे सोपं काम नव्हे. कवच जाड असलं तर गोळी अंगावर फुटत नाही. फार पातळ असलं तर बंदुकीच्या नळीतच फुटते, नळी रंगाने बरबटते आणि पुढच्या सगळ्या गोळ्या वाकड्या जातात. म्हणून मामा आधी प्रत्येक खोक्यातल्या काही गोळ्या जमिनीवर टाकून बघायचा. मग एक गोळी नळीत सोडून फुंकर मारायचा. आपोआप घरंगळली तर सैल, फुंकरीने हललीच नाही तर घट्ट, हलकेच सुटली तर आपल्या मापाची.

एवढं सगळेच करतात. त्यापुढचं फक्त मामा करायचा. खुर्चीवर बसून मांडीवर टॉवेल पसरायचा, डोळे मिटायचा आणि एकेक गोळी अंगठा नि दोन बोटांमध्ये फिरवून बघायचा.

"डोळे उघडून बघा की मामा," कोणीतरी म्हणायचं.

"डोळ्यांना चकवता येतं," मामा म्हणायचा, "बोटांना नाही येत."

मामाने पास केलेल्या गोळीला दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही, असा संघाचा नियम होता. घामट हातांनी कवच खराब होतं, हे खरंच होतं. पण खरं कारण म्हणजे मामावरचा विश्वास.

ज्या सामन्यासाठी आम्हाला आणलं होतं, तो हरला तर संघ वरच्या गटातून खाली घसरणार होता. सगळ्यांचे चेहरे आधीच उतरलेले. संघात एक लंबू आहे. मनाने वाईट नाही, पण तोंडाला लगाम नाही. आधीच्या दोन सामन्यांत काही गोळ्या वाकड्या गेल्या होत्या आणि ते त्याच्या डोक्यात बसलं होतं.

"मामा, राग मानू नका," तो म्हणाला, "पण आज पुन्हा तसं झालं, तर पुढच्या वेळेपासून निवड मी करणार."

मामा हसला, पण ते हसू काही डोळ्यांपर्यंत पोचलं नाही.

"कर की बाबा," तो म्हणाला. "आज काय होतंय ते तर बघ."

"लंबू, पुरे," कॅप्टन म्हणाली.

तेवढ्यात चहा आला. कागदी कप इतके गरम की लंबूने हाय हाय करत आपला कप खाली ठेवला. कॅप्टनने ओढणीचं टोक धरून कप घेतला. मामाने मात्र तो निवांत चिमटीत धरला आणि बोलत राहिला. त्याच्या बोटांची टोकं लालबुंद झाली, तरी त्याला पत्ता नाही. माझ्याखेरीज ते कोणाच्या ध्यानात आलं नसावं. साखरेच्या दुखण्याने मामाची बोटं बधिर होत चालली होती, आणि घरात हे त्याने कोणालाच कळू दिलं नव्हतं. कसं सांगेल? त्या बोटांवर तर त्याची खुर्ची टिकून होती.

मग माझी पाळी आली. मामाने डोळे मिटले, मला उचललं. त्याचा अंगठा माझ्या खळीवर आला, आणि मला वाटलं, संपलं, आता फेकणार. अंगठा खळीवरून सरकला. परत आला. पुन्हा सरकला.

"वा," मामा म्हणाला, "ही बघ, कशी सुरेख गोल आहे." आणि त्याने मला चांगल्या गोळ्यांत टाकलं.

तुम्हाला वाटेल, मला आनंद झाला असेल. नाही हो. डोळे उघडून नुसतं एकदा बघितलं असतं, तरी माझी खोड लपली नसती. पण इतक्या वर्षांची सवय त्याला डोळे उघडू देत नव्हती, आणि नियम दुसऱ्या कोणाला हात लावू देत नव्हता.

सामना अटीतटीचा झाला. शेवटी हवा भरलेल्या दोन अडोशांमागे दोघंच उरले, इकडे आमची कॅप्टन आणि तिकडे त्यांचा एक गडी. कॅप्टनच्या बंदुकीवरचा डबा रिकामा होत आला होता. तळाशी मी एकटी.

तो गडी उठून धावला. अगदी उघड्यावर, अगदी जवळून. कॅप्टनने शांतपणे नेम धरला. असा नेम ती कधीच चुकत नाही. मी नळीतून सुटले, जीव मुठीत धरून सरळ जायचा प्रयत्न केला, आणि मध्येच खळीने दगा दिला. मी वळले. त्याच्या बाहीला ओझरती घासले आणि न फुटता गवतात जाऊन पडले.

"रंग नाही, खेळ चालू!" पंच ओरडला. पुढच्या क्षणी कॅप्टनच्या छातीवर लाल रंग फुटला.

संघ खाली घसरला. लंबूने हेल्मेट आपटलं. "बघितलंत? गेली की नाही वाकडी?"

कॅप्टन गवतात वाकली होती. मी कुठे पडले ते तिने नीट पाहिलं होतं. तिने मला उचललं, तिचा अंगठा थेट खळीत बसला, आणि ती तशीच वाकलेली राहिली. मामा लंगडत तिच्याजवळ आला.

"कुठली गोळी गं? आण बघू."

तिने मला त्याच्या हातावर ठेवलं. मामाने सवयीने डोळे मिटले. मला फिरवलं, दोनदा, तीनदा.

"हिच्यात काही खोट नाही," तो म्हणाला. "एकदम गोल आहे. मग झालं काय?"

कॅप्टनने मामाच्या बोटांकडे पाहिलं. लाल झालेली टोकं आता फोडासारखी टरारली होती. तिचा चेहरा कसा झाला ते मला सांगवत नाही.

"माझा नेम चुकला, मामा," ती म्हणाली. मग लंबूकडे वळून मोठ्याने म्हणाली, "माझा नेम चुकला. गोळी चांगली होती." आणि तिने मला मुठीत लपवलं.

त्यानंतर मी तिच्या जॅकेटच्या खिशात राहू लागले. मामा निवडतच राहिला. फरक एवढाच की कॅप्टन आता त्याच्यासमोर बसायची. तो डोळे मिटून गोळ्या पास करायचा आणि ती त्यातल्या वाईट गोळ्या हळूच उचलून बाजूला करायची. मायेपोटी का होईना, चोरीच ती. मला खिशात बसून गुदमरल्यासारखं व्हायचं. वाटायचं, अगं, सांग ना त्याला. किती दिवस असं चालणार?

एकदा मामाने मध्येच डोळे उघडले. कॅप्टनचा हात गोळ्यांवर होता.

"त्या दिवशीची गोळी तुझ्याकडेच आहे ना?" मामाने विचारलं.

तिने मला काढून दिलं. मामाने मला खिडकीच्या उजेडात धरलं, डोळे उघडे ठेवून. खळी बघितली. पुन्हा अंगठ्याने चाचपली. पुन्हा बघितली.

"आणि तू म्हणालीस, नेम चुकला."

"काय म्हणणार होते मी, मामा?" ती म्हणाली.

मामाने टॉवेल उचलला आणि तिच्या मांडीवर पसरला. "मीट डोळे," तो म्हणाला. मला तिच्या चिमटीत दिलं. "काय लागतंय?"

"खळी. एका बाजूला दबलीय. कडा जरा टणक लागतेय."

"हां," मामा खिडकीबाहेर बघत म्हणाला. "मलाही अस्संच लागायचं."

आता त्या खुर्चीवर कॅप्टन बसते. मामा शेजारी स्टुलावर असतो. निवडीला बसण्याआधी तो तिच्याकडून मला मागून घेतो आणि डोळे मिटून बोटांत फिरवत राहतो. कवच मऊ पडत चाललंय तशी माझी खळी दिवसेंदिवस खोल होतेय, पण ती त्याला सापडत नाही. पूर्वी मला वाटायचं, कोणीतरी मला एकदा भिंतीवर मारावं आणि मोकळं करावं. आता तुमच्याकडे एकच मागणं आहे, मला इतक्यात फोडू नका. मामा चाचपत असतो, तेवढा वेळ मी गाल त्याच्या अंगठ्याखाली धरून ठेवते आणि म्हणत राहते, इथे आहे मामा, ही बघ, इथे.