रेकॉर्डिंगचं शेपूट

वस्तीचा रेडिओ म्हणजे काय, तर लाँड्रीच्या दुकानावरची एक खोली. खालून इस्त्रीची वाफ, वरून तापलेला पत्रा आणि भिंतींना ठोकलेली जुनी ब्लँकेटं, का तर आवाज घुमू नये. बातम्या वाचता वाचता माणूस शिजून निघायचा. टेबलावर एक माइक, एक मिक्सर ज्याची निम्मी बटणं नुसती शोभेची, आणि एक कॉम्प्युटर, जो त्याच्या मनात आलं तर चालायचा. या सगळ्या संसारापुढे बसायची वहिनी.

खरं तर ती एकाच मुलीची वहिनी. पण त्या मुलीनं, म्हणजे तिच्या नणंदेनं, पहिल्याच कार्यक्रमात माइकसमोर विचारलं होतं, "वहिनी, हे चालू आहे का गं?" आणि ते तसंच हवेत गेलं. दुसऱ्या दिवसापासून भाजीवाल्यापासून बसच्या कंडक्टरपर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणायला लागले. नणंदेला ती थट्टेनं वन्सं म्हणायची. लग्न होऊन आली तेव्हा ही वन्सं फ्रॉकमध्ये होती, नाक पुसायचं भान नव्हतं, पण मान मात्र थोरल्या नणंदेचा हवा होता. ते नाव चिकटलं ते चिकटलंच. आता वन्सं शर्ट शिवायच्या कारखान्यात मशीनवर होती, आणि घरात दोघींचं असं गूळपीठ होतं की वहिनीच्या नवऱ्याला वाटायचं, आपण इथे भाडेकरू आहोत.

रेडिओची धाव केवढी? पाण्याच्या टाकीपासून बसडेपोच्या मागच्या भिंतीपर्यंत. भिंतीपलीकडे नुसती खरखर. वहिनी त्या भिंतीच्या नावानं बोटं मोडायची. आपलं बोलणं तिथवर जातं आणि तिथेच मरतं, म्हणायची. कारखान्याचे मालक, मॅनेजर, मुकादम सगळे भिंतीपलीकडे राहतात आणि त्यांच्या कानात एक अक्षर शिरत नाही, याचं तिला भारी दुःख. ती भिंत आपल्याला राखते आहे, हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. कुणाच्याच आलं नाही.

या रेडिओची एक रीत होती. सुरुवातीच्या दिवसांत एका न्हाव्यानं घरमालकाबद्दल काहीबाही सांगितलं, ते रेडिओवर लागलं, आणि घरमालक दुकानात येऊन उभा राहिल्यावर न्हावी सरळ म्हणाला, मी असं बोललोच नाही, बाईनं वाढवलं. वहिनीला चारचौघांत खाली बघावं लागलं. तेव्हापासून नियम झाला. बोलणाऱ्याला त्याचं रेकॉर्डिंग आधी ऐकवायचं. त्याला नको ते त्याच्यासमोर कापायचं. आणि शेवटी, मशीन बंद करण्याआधी, त्यानं स्वतःच्या तोंडानं म्हणायचं: मी अमका, अमक्या गल्लीतला, अमक्या ठिकाणी कामाला. हे बोलणं माझं. ऐकलं. सोडायला हरकत नाही.

याला त्या खोलीत शेपूट म्हणायचे. शेपूट हवेत कधी जायचं नाही. ते फक्त जपून ठेवायचं, उद्या कुणी पलटला तर असावं म्हणून. कार्यक्रम लागायचा, माणसाचं बोलणं संपत यायचं, आणि वहिनीचा डावा हात आपोआप मिक्सरच्या बटणाकडे जायचा आणि आवाज खाली घ्यायचा. शेपटाला सुरुवात होण्याआधी गाणं लागलेलं असायचं. इतकी वर्षं तिनं हे केलं की करते आहे हेही तिला उमजत नसे. डोकं पुढच्या कार्यक्रमात असायचं आणि हात आपलं काम करत असायचा.

वन्संचं रेकॉर्डिंग झालं ती दुपार वहिनीला पुढे कितीदा तरी आठवली. सुट्टीचा दिवस होता. वन्सं माइकसमोर मांडी घालून बसली आणि सुरू झाली. कारखान्यात बायकांच्या संडासाला कुलूप असतं, चावी मुकादमाच्या खिशात, आणि ती मागायची कशी, तो ती देताना काय काय बोलतो, कसा हसतो, याची तिनं अशी नक्कल केली की वहिनी तोंडात पदर कोंबून हसत होती. मग वन्संनं बोटातून सुई गेल्याचं सांगितलं. फडकं गुंडाळून तिला परत मशीनवर बसवलं होतं, आणि पहिली काळजी केली ती शर्टाला रक्त लागू नये याची. ते सांगताना तिनं नक्कल केली नाही. वहिनीचंही हसणं थांबलं.

"ऐकवते," वहिनी म्हणाली. ऐकवलं.

"बाई गं, हा माझा आवाज? चिरका आहे की."

"चिरकाच आहे. काय कापू?"

"काही नको. आपलीच माणसं ऐकणार ना?"

"दुसरं कोण ऐकतंय? डेपोच्या भिंतीपुढे कुत्रंसुद्धा ऐकत नाही."

मग वन्संनं शेपूट म्हटलं. नाव, गल्ली, कारखाना, मशीनची लाइन कुठली ते सुद्धा. शाळेत कविता म्हणावी तसं घडाघडा.

कार्यक्रम लागला आणि वस्ती खूश झाली. नाव कुणी घेतलं नव्हतं, पण आवाज कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं, आणि सगळ्यांनी ते पोटात ठेवलं. त्या आठवड्यापासून बायका चावी मागायला एकट्या जाईनात. चार-चार जणी मिळून जायच्या, आणि मुकादमानं तोंड उघडलं की चौघी मिळून वन्संनं केलेली नक्कल करायच्या. तो बिचकला. कंटाळून त्यानं चावी खिळ्याला टांगून टाकली. जगाच्या दृष्टीनं ही काही बातमी नव्हे. पण वस्तीत त्या चावीचं कौतुक महिनाभर पुरलं. वन्संला लवकरच लाइन सांभाळायला देणार अशी कुणकुण होती, आणि ती घरात आत्तापासूनच सगळ्यांवर हुकूम सोडायला लागली होती.

आणि मग संस्थेच्या मॅडम आल्या. रेडिओचा खर्च ही संस्थाच उचलायची. मॅडम वाईट नव्हत्या, उगाच बोल कशाला लावा. जिना चढून दमल्या, पाणी प्यायल्या, ब्लँकेटांचं कौतुक केलं आणि विचारलं, "ऐकणारे किती आहेत?"

"सगळेच ऐकतात," वहिनी म्हणाली.

"सगळे म्हणजे किती? कुठे दिसतं?"

ते कुठेच दिसत नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात दिसायचं, नळावर दिसायचं, पण तसं कागदावर लिहिता येत नाही. मॅडमनी समजावून सांगितलं, की आता हवेतल्या रेडिओला कुणी विचारत नाही. ॲप आहे, त्यावर सगळं टाकायचं, जुनंसुद्धा. किती जणांनी ऐकलं ते आकड्यात दिसतं. आकडा असेल तर मदत चालू राहील, नसेल तर पुढच्या वर्षाचं मी काही सांगू शकत नाही. "आणि वहिनी, इतके मोलाचे आवाज तुम्ही एका भिंतीआड किती दिवस कोंडून ठेवणार?"

हे शेवटचं वहिनीला लागलं. इतकी वर्षं ती हेच तर म्हणत होती.

तिनं जुन्या कार्यक्रमांचं अख्खं फोल्डर उचललं आणि ॲपवर चढवलं. दुपारभर बसून होती. निळी पट्टी पुढे सरकताना बघत होती आणि मनात म्हणत होती, घ्या, आता ऐका. एकही फाइल उघडून पाहिली नाही. पाहायची काय, सगळी तिचीच तर होती. फाइल जशी होती तशी गेली, शेपटासकट. आवाज खाली घ्यायला तिथे बटण नव्हतं, आणि हात मांडीवर स्वस्थ पडून होता.

मुकादमाची नक्कल वणव्यासारखी पसरली. आकडा सकाळी एक, दुपारी भलताच. वहिनीचा फोन वाजायचा थांबेना. कुठल्या कुठल्या गावांहून बायका लिहीत होत्या, आमच्याकडेही असंच आहे. खालच्या लाँड्रीवाल्यानं आपणहून चहा पाठवला. वहिनी हवेत होती, खोटं कशाला बोला. रात्रीच्या जेवणाला तिनं वन्संला फोन दाखवला.

वन्संनं आकडा पाहिला आणि घास हातातच राहिला. "हे सगळे कोण आहेत, वहिनी?"

"माणसं आहेत. ऐकणारी."

"पण मी यांच्याशी नव्हते बोलले."

"अगं, तुझं नाव कुठे आहे त्यात? घाबरतेस काय अशी."

नवरा मान खाली घालून जेवत होता. तो तेवढ्यात म्हणाला, "शेवटपर्यंत ऐकलंस का तू ते?"

वहिनीनं ऐकलं. तिथेच, ताटावर. नक्कल झाली, सुई झाली, थोडी शांतता, आणि मग वन्संचा चिरका आवाज कविता म्हटल्यासारखा नाव सांगायला लागला. तिनं फाइल काढून टाकली, ताबडतोब, उष्ट्या हातानं. पण तोवर लोकांनी ती आपापल्या फोनमध्ये उतरवून घेतली होती. कुणी त्यावर ढोलकी वाजवली होती. एका टोळक्यानं तर वन्संचं नाव, गल्ली आणि लाइनचा नंबर यांचंच गाणं केलं होतं आणि त्यावर नाचत होतं.

कारखान्यात वन्संला ऑफिसात बोलावलं. मॅनेजर, मुकादम आणि टेबलावर फोन. त्यांनी तिला अख्खं ऐकवलं, पहिल्यापासून शेपटापर्यंत. वन्सं पुढे सांगायची, रीत त्यांनीही पाळली हो, आधी ऐकवलं. मग मुकादम गोड आवाजात म्हणाला, "तूच म्हणते आहेस ना, सोडायला हरकत नाही? मग तुला सोडायला आमचीही नाही." तिचं गेटचं कार्ड काढून घेतलं. शेजारच्या कारखान्यात गेली, तर फाटकावरच्या माणसानं नाव विचारलं आणि हसला. त्यापुढच्या तिसऱ्या कारखान्यातही तेच. मशीनवर तिच्यासारखा हात बसलेली बाई मिळणार नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण असली बाई ठेवायची नाही हेही त्यांचं ठरलेलं होतं.

घरात वन्सं बोलायची बंद झाली. भांडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भांडी घासायची, केर काढायची, आणि वहिनी खोलीत आली की दुसऱ्या खोलीत जायची. वहिनीनं दोनदा माफी मागितली. दोन्ही वेळा वन्सं म्हणाली, "हं." नवरा बायकोशीही बोलेना आणि बहिणीशीही. भाडेकरूसारखा नाही, आता अगदी पाहुण्यासारखा राहायला लागला.

मग मॅडमचा फोन आला. वहिनी रेडिओच्या खोलीत होती. उकाड्यामुळे दार उघडं होतं, आणि फोन टेबलावर स्पीकरवर लावलेला होता, कारण एका हातानं ती वायर जोडत होती. मॅडमना फार वाईट वाटत होतं, खरोखरच वाटत होतं. पण त्या म्हणाल्या की आकडा पाहून वरचे लोक चकित झाले आहेत, पुढच्या वर्षाची मदत पक्की समजा. फक्त एक गोष्ट. उद्या कुणी आक्षेप घेतला तर, त्या बाईंची संमती आहे ना आपल्याकडे?

वहिनीनं हातातली वायर खाली ठेवली. नाही म्हटलं असतं, तर खोली गेली असती, माइक गेला असता, न्हाव्याच्या दुकानातला आवाज गेला असता. तिनं हे सगळं एका दमात मनात आणलं, आणि आणलं याची तिला लाज वाटली, तरी तोंडातून गेलंच.

"आहे. रेकॉर्डिंगच्या शेवटी आहे."

"मग प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या.

फोन ठेवून वहिनी वळली तर दारात वन्सं उभी. हातात जेवणाचा डबा. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच ती जिना चढून आली होती, बोलायलाच आली होती बहुधा. तिनं डबा टेबलावर ठेवला, खुर्ची ओढली आणि माइकसमोर बसली.

"सुरू कर," ती म्हणाली.

"वन्सं, ऐक माझं..."

"सुरू कर म्हटलं ना."

वहिनीनं मशीन सुरू केलं. वन्संनं नक्कल केली नाही, गोष्ट सांगितली नाही. सरळ शेपटालाच हात घातला. नाव सांगितलं. गल्ली सांगितली. "कामाला कुठेच नाही. मागचं बोलणं माझं होतं, पण ते माझ्या माणसांसाठी होतं. ऐकलं. सोडायला माझी हरकत आहे." आणि वहिनीकडे न बघता म्हणाली, "आता ऐकव. रीत आहे ना?"

वहिनीनं ऐकवलं. खोलीभर वन्संचा आवाज घुमला, ब्लँकेटं असून घुमला. नाव सुरू झालं मात्र, वहिनीचा डावा हात आपोआप मिक्सरकडे गेला आणि आवाज खाली घेतला. तिला कळलंसुद्धा नाही. कळलं ते खोली एकदम शांत झाली तेव्हा.

वन्सं त्या हाताकडे बघत होती.

"आज बरं आठवलं हाताला," ती म्हणाली.

खुर्ची जागेवर सारून ती जिना उतरली. डबा टेबलावर होता, अजून गरम. खाली लाँड्रीवाला तिला काहीतरी विचारत होता आणि ती नेहमीच्या आवाजात त्याला उत्तर देत होती.