नाल्याकाठची दीडशे पोती

आमच्यासारखे शहाणे आम्हीच. सात रविवार आम्ही पंधराजण अकोल्यातल्या आमच्या वस्तीमागच्या नाल्यात उतरलो. प्लास्टिकच्या पन्न्या, थर्माकोल, फाटक्या गाद्या उपसल्या, दीडशे पोती भरली आणि कचरा पुन्हा सांडू नये म्हणून प्रत्येक पोत्याला सुतळीची दुहेरी गाठ मारली. पोती काठावर रचली. ठेकेदाराची गाडी सोमवारी यायची होती. कोणत्या सोमवारी, ते कोणी विचारलं नाही.

नाल्याच्या अगदी कडेला सुंदराबाईंचं घर. खुबा मोडल्यापासून त्या खाटेवरच असायच्या. तरी दर रविवारी उघड्या दारातून मला हुकूम सोडायच्या, "भावना, थे कोपऱ्यातली पन्नी कोण काढीन वं?"

गुरुवारी दुपारी वरच्या अंगाला आभाळ फाटलं. तासाभरात नाला काठावर चढला, आमची पोती ओढून घेऊन गेला आणि ती खालच्या रपट्याच्या, म्हणजे ठेंगण्या पुलाच्या, नळ्यांत जाऊन बसली. सुटा कचरा वाहून तरी गेला असता. पोती बुचासारखी बसली आणि पाणी उलटं वस्तीत शिरलं.

सुंदराबाईंच्या दारापुढून गळ्याएवढी धार चालली होती. धम्मदीप आमच्यातला पट्टीचा पोहणारा. कमरेला दोर बांधून दोनदा गेला, दोनदा आपटून परत आला. आतून आवाज येत होता, "अरे, खाटेले पाणी लागलं रे!"

मी गाडीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "सोमवारी येतो ना, मॅडम." त्याची जीभ झडो.

रपट्यावर पालथे पडून आम्ही पोती ओढू लागलो. पाणी पिऊन ती मढ्यासारखी जड झालेली. चौघांनी जोर लावला तरी एक हलेना.

"पोते फाडा, भावनाताई!" धम्मदीप ओरडला. "जाऊ द्या कचरा!"

"सात रविवार, धम्मदीप!"

"म्हतारी बुडून राह्यली तिकडं!"

कुणीतरी हातात विळा दिला. गाठ सुटणार नव्हतीच, मीच मारलेली. मग पोतं पोटातून चिरलं. पन्न्या भसाभस सुटल्या आणि नळीतून मोर्णा नदीकडे धावल्या. दुसरं चिरलं, तिसरं चिरलं. मी रडत होते आणि शिव्या देत होते, स्वतःलाच. पलीकडून एकजण मोबाईल धरून ओरडला, "पाहा, हे सफाईवाले! नदीत कचरा टाकून राह्यले!"

खोटं काय होतं त्यात?

पाणी कंबरेवर उतरलं तसा धम्मदीप पुन्हा गेला आणि सुंदराबाईंना पाठीवर घेऊन आला. त्या गारठून थरथरत होत्या. त्यांनी वाहत्या पन्न्या पाहिल्या, फाटकी पोती पाहिली, माझ्या हातातला विळा पाहिला.

"काहून फाडलं वं?" त्या म्हणाल्या. "माहं काय, आज ना उद्या मरनारच होती मी. नाला त साफ झाला होता ना, पोरी."